वजन अडकले तेव्हा: ताटातली कर्बोदके कमी करण्याच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

काम असे: आधी आठ-दहा किलो उतरलेले आणि मग जागचे न हलणारे वजन, घरचेच जेवण ठेवून, कर्बोदके कमी करून पुन्हा खाली आणणे. कीटो (जवळजवळ कर्बोदकांशिवायचा आहार) नाही, पावडरी नाहीत, घरातल्यांसाठी वेगळा स्वयंपाक नाही.

सहभागी एकच. स्त्री, वय ४२, उंची १५८ सेंमी. ८२ किलोवरून ७४ पर्यंत आली आणि एप्रिलपासून तिथेच आहे. कागदावरचा आहार १६०० किलोकॅलरींचा.

वजन 'अडकले' कधी म्हणायचे ते आधी ठरवून टाकले. चार आठवड्यांच्या साप्ताहिक सरासऱ्यांत अर्धा किलोचाही फरक नाही आणि कंबरही जागेवर, तरच. दोन आठवडे काटा हलला नाही म्हणून पोळ्या तोडायला निघणाऱ्यांना निम्म्या वेळी केवळ पाणी छळत असते. आदल्या रात्रीचे लोणचे-पापड, पाळीच्या आधीचा आठवडा, नव्याने सुरू केलेला व्यायाम, बद्धकोष्ठता यांतले एकेक कारण काटा किलोभर वर धरून ठेवू शकते. त्यामुळे पाळी येणाऱ्या स्त्रीने या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

मोजण्याची पद्धत: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा कायम एकाच फरशीवर, सतरंजीवर कधीच नाही. रोजचा आकडा लिहायचा, पण निर्णय फक्त सात दिवसांच्या सरासरीवर. कंबर आठवड्यातून एकदा मोजायची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी आणि स्त्रियांना ८० सेंमी धरतात.

५ जून, गुरुवार

कात्री लावण्याआधीच्या तपासण्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी). चालू औषधांची यादी. स्टेरॉइड, इन्सुलिन, पायोग्लिटाझोन (मधुमेहाची गोळी) आणि नैराश्यावरची काही औषधे वजन वाढवतात किंवा उतरू देत नाहीत. त्यावर ताटात उत्तर शोधत बसू नये.

आराखड्याच्या पहिल्या पानावर ठळक टाकायचे: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदके कमी करायची नाहीत. ताट बदलते, मात्रा तीच राहते आणि साखर ७० च्या खाली घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कर्बोदके फार कमी झाली तर रक्तात आम्ल साठू शकते, आणि तेही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली नसताना, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कमी करावी लागू शकते. गरोदर, स्तनदा माता, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेले यांच्यासाठी हा आराखडा नाही.

सहभागीला कोणतेही औषध चालू नाही. तपासण्या ठीक.

९ जून, सोमवार

आजचा दिवस स्वयंपाकघरात. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ओट्यावर ठेवला आणि जेवण रोजच्यासारखेच होऊ दिले.

पोळी: कागदावर २५ ग्रॅम कणीक धरलेली. प्रत्यक्षात कोरड्या पिठाचे वजन पोळीमागे ३५ ग्रॅम भरले. (मळलेला गोळा मोजून फसू नये, त्यात पाणी असते. परातीत घेतलेले पीठ भागिले झालेल्या पोळ्या, हा सरळ हिशोब.) १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे एका पोळीत २२.

भात: १५० मिलीच्या वाटीत दाबून भरलेला भात म्हणजे ४० ग्रॅम तांदूळ, ३१ ग्रॅम कर्बोदके. चहा: कपाला दोन चमचे साखर, १० ग्रॅम. पोहे: छोट्या बशीला ५० ग्रॅम कोरडे पोहे, ३८ ग्रॅम. चहासोबतची चार मारी बिस्किटे: १७.

तेल सगळ्यात चकवणारे. फोडणीला 'दोन चमचे' म्हणजे पळीने दोनदा. त्याला उपाय महिन्याचा हिशोब: चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल तर ते माणशी रोज ३८ ग्रॅम होते, कुणी कितीही 'आम्ही कमी तेलाचं खातो' म्हणाले तरी. या घरात ४ लिटर लागते, म्हणजे ३० ग्रॅम. कागदावर १५ होते.

११ जून, बुधवार

सहभागीच्या दिवसाची बेरीज, ग्रॅममध्ये कर्बोदके: नाश्त्याचे पोहे ३८, दोन चहा, दुधासकट, २७, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, भाजी मिळून ९८, केळे २३, बिस्किटे १७, रात्री पुन्हा दुपारचेच ताट, ९८. एकूण ३०१.

प्रथिने जेमतेम ५०, स्निग्ध पदार्थ सुमारे ५०. ऊर्जा १२०० + २०० + ४५० = १८५० किलोकॅलरी. कागदावर १६०० होत्या.

आता खर्चाची बाजू. मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने (वजन, उंची, वय यांवरून शरीर नुसते पडून असताना दिवसाला किती ऊर्जा खर्च करते ते सांगणारे) ८२ किलोला विश्रांतीचा खर्च १४३६ किलोकॅलरी, ७४ किलोला १३५६. हलक्या हालचालीसाठी १.४ ने गुणले तर २०११ आणि १८९९. म्हणजे आठ किलो उतरल्यामुळे रोजचा खर्च घटला तो साधारण ११० ने. शरीर याहून थोडी जास्तच काटकसर करते, माणूस नकळत कमी हलतो, हे खरे. पण '१६०० खाऊनही वजन हलत नाही' याचा मोठा भाग चयापचय मंदावण्यात नाही, १६०० आणि १८५० मधल्या अंतरात आहे. आधी ८२ किलोला हे अंतर पचत होते. आता खाणे आणि खर्च समोरासमोर येऊन थांबले आहेत.

१२ जून, गुरुवार

मग कर्बोदकेच का कमी करायची? ती चरबी वाढवणारी विशेष गोष्ट आहे म्हणून नव्हे. स्टॅनफर्डच्या २०१८ सालच्या 'डाएटफिट्स' चाचणीत ६०९ जणांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. घट सरासरी ५.३ आणि ६ किलो, फरक दखल घेण्याजोगा नाही. इथे कर्बोदकांना हात घालायचा कारण या ताटातला ढीग तिथे आहे. पोळी झाली की भात, भात संपला की चहा-बिस्किट. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे धान्यांचा वाटा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगतात. वरच्या दिवसात तो ५५ च्या आसपास जातो आणि प्रथिनांना जागाच उरत नाही.

भाकरीचा विषय आजच मिटवला. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला कर्बोदके सुमारे ६७, बाजरीत ६२, नाचणीत ६७. गव्हाच्या जवळपासच. वर हाताने थापलेल्या एका भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ जाते, म्हणजे एक भाकरी = दोन पोळ्या. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेले राहते, तंतू जास्त मिळतात, म्हणून ती जरूर खावी. पण 'पोळी सोडली, आता दोन्ही वेळा दोन भाकऱ्या' हा बदल वजन वाढवतो.

१४ जून, शनिवार

पहिला टप्पा ठरला. लक्ष्य २०० ग्रॅम कर्बोदके, ७५ ग्रॅम प्रथिने (वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम), २० ग्रॅम तेल, एकूण सुमारे १५५० किलोकॅलरी.

काढायचे: रात्रीचा भात (३१), चहातली साखर (२०), बिस्किटे (१७), रात्रीची एक पोळी (२२), पोह्यांची निम्मी बशी (१९). दुपारचा वाटीभर भात तसाच. वरण-भात पूर्ण तोडला की आठवड्याभरात माणूस रात्री कुकर लावतो, म्हणून पहिल्या टप्प्यात एका वेळचा भात मुद्दाम राखला आहे.

घालायचे: नाश्त्याला दोन अंडी (१२ ग्रॅम प्रथिने), रात्री ३० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स किंवा १०० ग्रॅम कच्चे चिकन/मासे (१६ ते २१), दिवसभरात २०० ग्रॅम दही (६). दोन्ही जेवणांत भाजी-कोशिंबीर मिळून ताटाचा अर्धा भाग. डाळी आणि मटकीसारख्या कडधान्यांना कात्री नाही. त्यांची कर्बोदके प्रथिने आणि तंतूंसोबत येतात.

अपेक्षा: रोज ३५० ची तूट. एक किलो चरबीला ७७०० किलोकॅलरी धरले तर आठवड्याला ३०० ते ३२० ग्रॅम. यापेक्षा मोठे आश्वासन देणाऱ्या तक्त्यांपासून लांब राहावे.

१६ जून, सोमवार

सुरुवात. मागच्या आठवड्याची सरासरी ७४.१, कंबर ९१.

१९ जून, गुरुवार

डोके जड, दुपारी मरगळ, रात्री पोटरीत गोळा. अपेक्षितच. कर्बोदके घटली की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी जास्त बाहेर टाकतात. उपाय: दुपारी दोन ग्लास पातळ ताक, त्यात मिळून पाव चमचा मीठ, रात्री वाटीभर टोमॅटोचे सार किंवा मुगाचे कढण. (रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मीठ वाढवायचे नाही.) तीन ते पाच दिवसांत हे ओसरते. आठवड्यानंतरही टिकले तर कारण दुसरे.

बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, घोळून लगेच प्यायचा. कमी पाण्यात घेतला तर उलट काम करतो.

२३ जून, सोमवार

सरासरी ७२.८. आठवड्यात १.३ किलो. खूश होण्यासारखे यात फार नाही. यकृत आणि स्नायूंत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) असते आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. साठ्याचा काही भाग उतरला की किलोभर पाणी जाते. यातली चरबी ३०० ग्रॅम असेल. हे आजच लिहून ठेवले, कारण पुढच्या आठवड्यात ३०० ग्रॅमच उतरले की 'थांबले पुन्हा' असे वाटणार.

२७ जून, शुक्रवार

नाश्त्याचे पर्याय. रोज अंडी शक्य नाहीत आणि श्रावणात तर चालणारच नाहीत.

हिरव्या मुगाची धिरडी: ५० ग्रॅम मूग, सहा ते आठ तास भिजवून, आले-मिरची-जिरे घालून, पाणी अगदी बेताचे ठेवून वाटायचे. दोन धिरडी होतात. कर्बोदके २३, प्रथिने ११. चिकटण्याची कारणे दोनच: तवा पुरता न तापणे आणि पीठ पातळ होणे. पातळ झाले तर चमचाभर बेसन. तांदळाचे पीठ घालून कुरकुरीत करण्याचा मोह टाळावा.

दुधी घालून बेसनाचे पोळे: ४० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम किसलेला दुधी. मीठ आधी घातले की दुधीला पाणी सुटते आणि पोळे फाटते. मीठ तव्यावर घालण्याच्या अगदी आधी. प्रथिने ८-९.

फ्लॉवरचा 'भात': २०० ग्रॅम फ्लॉवर किसून, फडक्यात दाबून कोरडा करायचा. चमचाभर तेलावर जिऱ्याची फोडणी, मोठी आच, तीन-चार मिनिटे, झाकण नाही. झाकले की वाफेने लगदा. आमटीबरोबर बरा लागतो. वरणाबरोबर नाही, आणि तो भात आहे असे घरच्यांना सांगू नये.

बाद केलेले: ओट्स (कर्बोदकांत पोह्यांच्या फार मागे नाहीत, त्यात मध आणि केळे घातले की पुढेच), बाजारचा 'डाएट चिवडा', मल्टीग्रेन बिस्किटे. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या पुडक्यावर एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) घातलेले असेल तर त्याची कर्बोदके तिथेच दिसतात.

३० जून, सोमवार

७२.४. कंबर ९०.

४ जुलै, शुक्रवार

रविवारी आषाढी एकादशी. उपवासाचा दिवस कर्बोदकांच्या हिशोबात वर्षातल्या सर्वांत जड दिवसांपैकी एक. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७. एका बशीत ६० ग्रॅम साबुदाणा, अर्धा बटाटा, दाण्याचे कूट: ६५ ग्रॅम कर्बोदके आणि साडेचारशेच्या वर कॅलरी. त्यावर दुपारी वरीचे तांदूळ, संध्याकाळी रताळ्याचा कीस, मध्ये वेफर्स.

रविवारचे ताट: खिचडी निम्मी (३० ग्रॅम साबुदाणा, बटाटा नाही). दुपारी लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, ६० ग्रॅम पनीर तुपावर जिरे-मिरचीत परतलेले, काकडी. संध्याकाळी ताक आणि राजगिऱ्याचे एक थालीपीठ. द्वादशीला पारणे नेहमीच्या ताटाने. शिऱ्याला पळीभर जागा.

७ जुलै, सोमवार

७२.४. पाळीच्या आधीचा आठवडा. काही बदलायचे नाही.

१४ जुलै, सोमवार

७१.८. अडवलेले पाणी गेले. तीन आठवड्यांत १ किलो, म्हणजे कागदावरच्या ३२० ग्रॅमच्या रेषेवरच.

स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा २५ मिनिटे: खुर्चीवरून उठाबशा, भिंतीवर जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे. घाम किती आला याला महत्त्व नाही. शेवटच्या दोन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत.

२८ जुलै, सोमवार

दोन आठवडे ७१.८ वर. वहीत कर्बोदके २००-२०५, कुठे चूक नाही. इथे बहुतेक लोक दुसऱ्या टप्प्यावर उडी मारतात: दुपारचा भात बंद, केळ्याऐवजी पेरू किंवा पपई, दुपारी एकच पोळी, एकूण १४०. तो टप्पा आपल्याकडे तयार आहे, पण आज लावला नाही. आधी पुन्हा काटा ओट्यावर.

सापडले ते असे. तेल २० वरून ३२ ग्रॅमवर गेले आहे, कारण धिरडी आणि परतलेल्या भाज्या वाढल्या. एकादशीसाठी भाजलेल्या दाण्यांची बरणी तेव्हापासून ओट्यावरच आहे आणि संध्याकाळच्या बिस्किटांची जागा मूठभर दाण्यांनी घेतली आहे. ती मूठ ४० ग्रॅमची, २१० किलोकॅलरी. तेलाचे ११० धरून ३२०, म्हणजे तूट जवळजवळ संपली.

कमी कर्बोदकांचा आहार अडतो तो बहुतेक इथेच. दाणे, खोबरे, पनीर, तूप यांत कर्बोदके कमी, म्हणून ती मोजली जात नाहीत. कर्बोदकाच्या ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धाच्या ग्रॅमला ९. भात काढून त्याच वजनाचे खोबरे आले तर वजन वाढेल.

दुरुस्ती: आठवड्याचे तेल रविवारी मोजून वेगळ्या बाटलीत. माणशी १५० मिली, चौघांचे ६००. संपले की संपले. दाणे डब्यात वरच्या फळीवर, रोजचे १५ ग्रॅम वाटीत काढून. संध्याकाळी त्यासोबत उकडलेले हरभरे किंवा ताक.

श्रावण २५ तारखेला लागला. घरात अंडी-चिकन बंद, त्याजागी मूग, सोयाचंक्स आणि चक्का. अर्धा किलो दही चार-पाच तास टांगले की चक्का निम्म्याच्या आसपास उरतो आणि ग्रॅमामागे प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. साखर न घालता, काकडी-मिरपूड-मीठ घालून.

११ ऑगस्ट, सोमवार

मागचे दोन आठवडे ७१.७, ७१.५. पाळीचा आठवडा धरून समाधानकारक. शनिवारचा नारळीभात वहीत आहे: एक वाटी, सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके. त्याच्या बदल्यात त्या दिवशी पोळ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उपास करून फेडायला जाऊ नये. संध्याकाळी भूक दुप्पट परतते.

२५ ऑगस्ट, सोमवार

७०.९. कंबर ८८.

गणपती बुधवारी. उकडीच्या मध्यम मोदकाला २० ग्रॅम तांदळाची पिठी, १२ ग्रॅम गूळ, १५ ग्रॅम ओले खोबरे: कर्बोदके सुमारे २६, कॅलरी १७५, वर तूप वेगळे. एक मोदक म्हणजे सव्वा पोळी. पाच मोदक खाऊन वर वरण-भात घेतला तर दिवसाचे २०० एकाच जेवणात जवळजवळ संपतात. ठरवले: चतुर्थीला तीन मोदक, तुपासकट, त्या जेवणात पोळी आणि भात नाही, वरण, भाजी, कोशिंबीर भरपूर. पुढच्या दिवसांत घरोघरच्या प्रसादाचे पेढे हातात घ्यावे आणि एक खावा. आरतीनंतरची खिरापत चमचाभर.

१ सप्टेंबर, सोमवार

७१.६. सातशे ग्रॅम वर. इतकी चरबी साठायला तूट भरून काढूनही वर पाच हजारांहून जास्त कॅलरी लागल्या असत्या. वहीतल्या नोंदी त्याच्या जवळपासही नाहीत. ग्लायकोजेन पुन्हा भरले, सोबत पाणी आले. ताट पूर्ववत, बाकी हस्तक्षेप नाही. आज गौरीपूजन, पुरणपोळी एक.

८ सप्टेंबर, सोमवार

७०.७. कंबर ८७. बारा आठवडे पूर्ण, दुसरा टप्पा न वापरता.

नव्या वजनाला हिशोब: विश्रांतीचा खर्च १३२३, गुणिले १.४ म्हणजे १८५३. तूट ३५० वरून ३०० वर आली आहे; पुढची घट थोडी संथ असेल.

१५ सप्टेंबरपासून दोन आठवडे वजन राखण्याचे. परत आणायचे: रात्रीची दुसरी पोळी (११२ किलोकॅलरी), नाश्त्याला पूर्ण बशी पोहे (९०), आणि एक मोठे फळ. चहातली साखर, बिस्किटे आणि रात्रीचा भात परत नाही. पहिल्या चार दिवसांत काटा अर्धा ते एक किलो वर जाईल, ते पाणी. त्यानंतरच्या सात दिवसांची सरासरी आधार धरून २९ सप्टेंबरला पुन्हा १५५० वर. तेव्हाही चार आठवडे काही हलले नाही तर क्रम असा: आधी तेल आणि दाणे मोजणे, मग पोळीचे पीठ मोजणे, आणि ते दोन्ही बरोबर असेल तरच दुपारचा भात.

बाकी काम: धिरड्यांचे प्रमाण चार माणसांसाठी लिहून काढणे, चतुर्मास पूर्ण पाळणाऱ्यांसाठी कांदा-लसूण-वांगे वगळून आठवड्याचा तक्ता.